पूजेतला मायक्रोस्कोप

९ जून, सोमवार

किल्ली मिळाली नाही. यंदाही नाही!

शाळा उघडली तशी पहिल्यांदा हेडसरांकडंच गेले. विज्ञानाच्या कपाटाची किल्ली द्या म्हटलं. सिद्धलिंगप्पा सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, शाळा आत्ता कुठं उघडली. काय घाई?" मार्चमध्ये मागितली होती तेव्हा म्हणाले होते, परीक्षा आली, आता कशाला. म्हणजे कपाट उघडायचा महिना नेमका कुठला, ते यांनी एकदा पंचांगात बघूनच सांगावं!

कपाटात एक मायक्रोस्कोप आहे. परीक्षानळ्या, चुंबकं, प्रिझम, भिंगं आहेत. सगळं हेडसरांच्या चार्जमध्ये. ते येत्या मे महिन्यात रिटायर होणार. जाताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते, आणि फुटलेल्या वस्तूचा जाब द्यावा लागतो. म्हणून काही फुटू नये. म्हणून काही वापरूच नये. झालं!

मी अतिथी शिक्षिका. दरवर्षी जूनमध्ये नव्यानं पाहुणी. पाहुणीनं घरातली कपाटं उघडायची नसतात, हे मला न सांगता कळायला हवं होतं म्हणे.

१२ जून, गुरुवार

मराठी माध्यमाची पुस्तकं अजून आली नाहीत. कानडीची आली. "येतील मॅडम, छापायलेत." छापा, छापा. आमची दहावी काय, दिवाळीला सुरू झाली तरी चालते.

५ जुलै, शनिवार

आज दहावीला पर्णरंध्र शिकवलं. पानाला श्वास घ्यायला बारीक भोकं असतात, दोन पेशी त्याची उघडझाक करतात, वगैरे. मी फळ्यावर आकृती काढायच्या आधीच निम्म्या वर्गानं काढून टाकलेली! गाईडात आहे. एकदम सुबक. नावं दिलेली, रेघा पट्टीनं ओढलेल्या. एकानंही पर्णरंध्र आयुष्यात बघितलेलं नाही आणि एकाचीही आकृती चुकलेली नाही!

मला राग आला. मुलांवर कसला येणार? पण आला.

तेवढ्यात मंगल उठली. ही मंगल म्हणजे नरसिंगरावांची पोरगी, औराद-उदगीर टेम्पो चालवतात ते. म्हणाली, "बाई, ह्ये खरंच असं दिसतंय का? तुमी बघितलाव?"

खरं सांगितलं. बीदरला कॉलेजात एकदा बघितलं होतं. मागं मोठी रांग होती, पुढच्या मुलीनं सरकवलेलं पान, मला माझ्याच पापण्या दिसल्या. वर्ग हसला. मंगल हसली नाही. "मंग तुमीबी न्हाईच की बघितलं."

नाहीच की! बीएस्सी, बीएड, आणि नाहीच.

६ जुलै, रविवार

अमरदीपला सांगितलं. नवरा असा की आधी चहा संपवला, मग म्हणाला, "तू माझ्याऐवजी त्या कपाटाशीच लग्न करायचं होतंस. रोज त्याचंच नाव." म्हटलं, कपाट निदान उलटून बोलत नाही!

२० ऑगस्ट, बुधवार

कपाट उघडलं! वाचून हसू नये.

तालुक्याहून साहेब यायचे होते. सकाळी हेडसरांनी स्वतः किल्ली काढली, मायक्रोस्कोप टेबलावर मांडला, खाली नवीन टॉवेल अंथरला. दहावीच्या पाच पोरांना पांढरे कोट घालून भोवती उभं केलं. मंगल त्यात होती. कोट तिच्या गुडघ्याच्या खाली गेलेला. साहेब आले, फोटो झाला. "व्हेरी गुड, प्रयोगातून शिक्षण!" मंगलचा हात जरा पुढं गेला तर हेडसर कानडीत ओरडले, "मुट्टबेडा! हात लावायचा नाही! हात मागं!" पाचही जणांनी हात मागं बांधले. फोटोत तसेच आलेत. आरोपी असल्यासारखे.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मायक्रोस्कोप कपाटात. गाडीचा धुरळा तरी बसू द्यायचा!

मी बोललेच. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. म्हटलं, सर, हे शिक्षण नाही, हा तमाशा आहे. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढच्या वर्षी असाल-नसाल. सही माझी आहे." खरं आहे. म्हणूनच जास्त लागलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

नरसिंगराव शाळेत आले होते. टेम्पो फाटकात चालूच ठेवलेला. मंगलला पुढं सायन्स घ्यायचंय, त्याबद्दल.

"बाई, पोरगी हुशार हाय, मला दिसतंय की. पर सायन्स म्हंजी बीदरला ठिवावं लागतंय. तितं समदं इंग्लिश. मराठी शाळंतली पोरं दोन महिन्यात परत आल्याली बघितल्याव मी. आर्ट्स आपलं औरादला हाय, रोजच्याला जायला-यायला जमतंय." मग टेम्पोकडं एकदा बघून, "जानेवारीत पूर्वपरीक्षा हाय न्हवं? सायन्सला ऐंशीत सत्तर पाडू द्या तिला. बीदरला मीच नेऊन सोडतो."

वाईट माणूस नाही. पोरीला घरी बसवायचं म्हणत नाही. पण सत्तर म्हणजे सत्तर. मंगल दाराच्या मागं उभी होती, बापाला वाटलं मला दिसत नाही आणि मला वाटलं बापाला दिसत नाही.

मी हो म्हणून बसले. सत्तर पाडते म्हटलं. पुस्तकं ऑगस्टमध्ये आलेल्या वर्गात!

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दसऱ्याची सुट्टी असली तरी स्टाफनं पूजेला यायचं.

हेडसरांच्या खोलीत मांडलेलं बघून मी दारातच थांबले. घंटेचा टोल, कंपासपेटी, कॉम्प्युटरचा माऊस, पाणी उपसायची मोटार— आणि मधोमध मायक्रोस्कोप! झेंडूची माळ घातलेली. वरची डोळा लावायची नळी काढून वेगळी ताटलीत उभी केलेली, तिच्यापुढं निराळी सुपारी. हेडसर पाची बोटांनी हळदकुंकू वाहत होते. चिमूट सोडली की धूळ उडत होती. नळीत जात होती. मला दिसत होतं जात होती!

"सर, नळीत कुंकू जाईल. भिंग आहे आत."

हात थांबला. सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. मग कुणीतरी मागून, मुद्दाम हळू पण ऐकू येईल असं, "तुमच्यात पूजा चालत न्हाई म्हणून काय आमीबी करायची न्हाई का?"

अंगाची आग झाली. मी बौद्ध आहे हे यांना बरोबर अशाच वेळी आठवतं. विहाराची वर्गणी मागायला गेलो की आठवत नाही. मी म्हटलं, पूजा करा, हजार वेळा करा, माझं म्हणणं भिंगाचं आहे. चार पावलं लांबून करा की! भिंगाला जात नसते, कुंकू बसलं की कुणालाच दिसत नाही!

हेडसर म्हणाले, "पुरे." आणि उरलेली चिमूट वाहिली. नळीवरच.

घरी येऊन आधी रडले. मग भाकरी थापल्या, जरा जास्तच जोरात. आईचा हळ्ळीखेडहून फोन आला. "उद्या पांढरी साडी नेस, विहारात लवकर जा, डोस्कं थंड ठिव." डोस्कं थंड म्हणे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

काय दिवस गेला! लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

आज दसरा, पण सकाळी शाळेत गांधी जयंती, म्हणून मुलं आलेली. दुपारी विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम, म्हणून मी घरूनच पांढरी साडी नेसून गेले. प्रार्थना, भाषणं, चिवडा. हेडसर मैदानात सरपंचांशी बोलत उभे. आणि त्यांच्या खोलीचं दार उघडं, पूजा तशीच मांडलेली. दसऱ्याच्या दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत मांडलेलं हलवायचं नाही— त्यांचाच नियम. म्हणजे वर्षभरात मायक्रोस्कोप कपाटाबाहेर राहतो तो याच एका रात्री, आणि त्याच रात्री त्याला कुणी हात लावत नाही!

मी लावला.

मंगलला हाक मारली. शाळेच्या भिंतीकडेच्या पानफुटीचं पान तोडून आणायला लावलं. पान मुडपलं की खालचं पातळ साल सुटून येतं. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवलं. नळी जागेवर बसवली. माळ काढली नाही; माळेसकटच आरसा खिडकीच्या उन्हाकडं वळवला. वीज लागत नाही, काही लागत नाही, नुसतं ऊन!

मंगल मागं सरली. "बाई, पूजंचं हाय ते."

म्हटलं, तुला नको वाटत असेल तर राहू दे. तिनं क्षणभर विचार केला, मायक्रोस्कोपच्या पाया पडली आणि डोळा लावला.

बाजूचं चाक हळूहळू फिरवत राहिली. मग, "बाई... लई हायत की! पुस्तकात येकच हाय, हितं मोप हायत. गव्हाच्या दाण्यावानी. मधी चीर. लई तर मिटल्यालेच हायत."

मी बघितलं. गव्हाचे दाणे! अगदी गव्हाचे दाणे, मधे चीर असलेले, वेड्यावाकड्या पेशींच्या गर्दीत. शिकवायला लागून एवढी वर्षं झाली, आणि आज बघितलं. 

पण मधेमधे लालसर ठिपके होते. मंगल म्हणाली, "ह्ये लाल काय हाय? पानाचं हाय का?" मला माहीत होतं. सांगणारच होते, पण तोंड मिटलं. म्हटलं, तूच शोध.

तिनं काचपट्टी सरकवली. दाणे सरकले. ठिपके जागच्या जागी! मग वरची नळी धरून फिरवली. ओरडलीच एकदम, "बाई! नळी फिरवली की ठिपके फिरायलेत! पान सरकवलं तर हलंनात! ह्ये पानाचे न्हाईत, नळीचे हायत!"

हे कुणी शिकवलं नव्हतं तिला. कुठल्या गाईडात नाही. मी तिला जवळ ओढली, तिच्या हाताचं कुंकू माझ्या पांढऱ्या साडीला लागलं, लागू दे म्हटलं.

तेवढ्यात दारात हेडसर. "पूजा मोडली तुम्ही! एनू मॅडम इदू! काय हे!" चेहरा लाल. मी उत्तर द्यायच्या आधी मंगल म्हणाली, "सर, बघा की. तुमचं कुंकू दिसायलंय आत."

मला वाटलं, आता पोरीला मारतात. ते पुढं आले. चप्पल बाहेर काढून आले. वाकले. डोळा लावला, दुसरा हातानं झाकला.  कंबर धरून सरळ झाले तेव्हा आवाज खाली आलेला. "हे मी पण बघितलं नव्हतं." मग पुन्हा हेडसर झाले, "नळी खोलून पुसायची नाही. भिंग पडलं तर चार्ज माझा. शनिवारी एक तास उघडीन. माझ्यासमोर."

विहारात उशिरा पोचले. आजूबाजूच्या बायका साडीवरच्या कुंकवाकडं बघत होत्या. मी वंदना जोरात म्हटली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज चक्क उघडलं. हेडसर खुर्ची टाकून समोर बसलेले, पहाऱ्यावर. मुलांची रांग व्हरांड्यापर्यंत. ठिपके आहेतच, नळी खोलू देत नाहीत. मंगल प्रत्येकाला सांगते, "लाल बघू नगा, लाल आपलं न्हाई."

२९ नोव्हेंबर, शनिवार

केस, कांदा, डबक्यातलं पाणी, सगळं झालं. एक परीक्षानळी फुटली. हेडसरांनी डोळे मिटले, पण कपाट मिटलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

पूर्वपरीक्षेचा विज्ञानाचा पेपर. पर्णरंध्राची आकृती आली! मंगल बाहेर आली ती उड्या मारतच. "बाई, समदं लिवलं!" सत्तर कुठं गेले नाहीत. बीदरच्या हॉस्टेलची चौकशी करायला अमरदीपला सांगितलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

अडुसष्ट.

पेपर यंदा अदलाबदल करून तपासले. आमचे शेजारच्या शाळेच्या अनिलकुमार सरांकडं गेले होते. मी गठ्ठा सोडून मंगलचाच पेपर आधी काढला. पर्णरंध्राच्या आकृतीला तीन पैकी शून्य. लाल शाईत— "आकृती चूक. एवढी कशाला? ठिपके कसले?"

तिनं बघितलेली काढली होती. गव्हाचे दाणे, बहुतेक मिटलेले, दोन उघडे, सगळ्यांना नावं बरोबर. लाल पेन्सिलीनं ठिपके. आणि खाली, तिच्या अक्षरात, "लाल ठिपके पानाचे नाहीत. नळी फिरवली की फिरतात. ते नळीतले कुंकू आहे."

शून्य! अख्ख्या तालुक्यातल्या गठ्ठ्यांत स्वतःच्या डोळ्यांनी बघून काढलेली ती एकच आकृती असेल, आणि तिलाच शून्य! गाईडातून उतरवणाऱ्या सगळ्यांना तीन पैकी तीन!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठकीत अनिलकुमार सरांना गाठलं. पेपर पुढं टाकला. म्हटलं, यात चूक काय ते दाखवा.

"उत्तरसूचीत अशी नाही मॅडम."

"पानात अशीच आहे!"

"पेपर मी उत्तरसूचीवरून तपासतो, पानावरून नाही."

"तुम्ही कधी बघितलंय का पर्णरंध्र?"

जरा रागावले. एमएस्सी आहेत. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडं मायक्रोस्कोप आहे हो. पेटी फोडलेली नाही." आणि मग, "मी एक वेळ तीन देईन. ही पूर्वपरीक्षा आहे, घरातली गोष्ट. पण बोर्डाचा पेपर कुठल्या जिल्ह्यात जाईल माहीत आहे? तिथं तपासणाऱ्याला तुमची मंगल दिसणार नाही. फक्त ठिपके दिसणार. तो म्हणेल पोरीनं पेपरात कुंकू लावलंय."

दोन-चार जण हसले. मी नाही हसले. तीन गुण त्यांनी दिले नाहीतच. गुणांची यादी वर गेली म्हणे.

सगळ्यात संताप याचा की माणूस खोटं बोलत नव्हता.

७ फेब्रुवारी, शनिवार

नरसिंगराव आले. आज टेम्पो बंद करून आले. मी सगळं सांगितलं, ठिपके, नळी, शून्य. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजी तिनं बरोबरच लिवलं म्हंता?"

"अगदी बरोबर."

"मंग मार्क कामून न्हाई दिले?"

उत्तरसूचीत तशी नाही म्हणून, म्हटलं. त्या माणसाला तीन ओळींत कसं सांगणार!

शेवटी म्हणाले, "बाई, तुमच्याकडं बघून येक डाव सोडतो. बोर्डात सत्तर पाडले तर बीदर. आता मातर आखरी हाय. अडुसष्ट म्हंजी औराद." मंगल आज दाराच्या मागं नव्हती. वर्गात होती, डोकं बाकावर ठेवून.

हेडसर माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "नळी खोलून पुसायची का मॅडम?" या माणसाला आज सुचतंय!

पुसली. दोघांनी मिळून, मऊ फडक्यानं. ते भिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मंगल रोज सराव करते. आकृती अजून बघितलेलीच काढते. ठिपके आता नाहीत, पण दाणे सगळे, मिटलेले बहुतेक. "बाई, मिटल्यालेच जास्त असत्यात की."

अमरदीप म्हणतो, सांग तिला, पुस्तकातली काढायला. तीन मार्कांसाठी पोरीचं वर्ष घालवतेस का? मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, वर्षभर त्या कपाटासाठी भांडले ते कशासाठी? पोरांनी बघावं म्हणून! आणि आता मीच सांगू, बघितलेलं विसर? मग माझ्यात आणि त्या फोटोवाल्या साहेबात काय फरक, आणि अनिलकुमारांत काय फरक? मी नाही सांगणार. माझ्या तोंडून तरी नाही!

जेवले नाही. तोही नाही जेवला.

१४ मार्च, शनिवार

सांगितलं.

बोर्डाची परीक्षा आठवड्यावर आली. मंगल वही दाखवायला आली होती. म्हटलं, मंगल, बोर्डात पुस्तकातली काढ. एकच, मोठी, उघडी. ती "व्हय बाई" म्हणाली, लगेच म्हणाली. पान उलटून तिथंच काढूनही दाखवली. सुबक. पट्टीनं रेघा.

वही मिटून दारापर्यंत गेली आणि वळली.

"मंग दाखिवलाव कामून, बाई?"